परसात कोणतं कुळ नांदवावं?

प्रश्न : आमचं घर तासगाव तालुक्यात, गावाच्या कडेला आहे. घरामागं साधारण वीस बाय पंधरा फुटांचं परस आहे. जमीन काळी, पाऊस झाला की पाणी धरून ठेवणारी. पश्चिमेला शेजाऱ्यांचं दुमजली घर असल्यानं दुपारनंतर निम्म्या भागावर सावली येते. गेली काही वर्षं मी सगळंच थोडं थोडं लावते. न्हाणीजवळचे टोमॅटो भरात आले की वाळतात, उपटून बघितले तर मुळांना गाठी. दोडक्याला ढीगभर पिवळी फुलं येतात आणि गळून पडतात. कोथिंबीर वीतभर झाली की फुलावर जाते. आमच्या ह्यांना वांगी-टोमॅटो हवेत. सासूबाई म्हणतात घेवडा-पावटा लाव, जमिनीलाही बरं. मुलगी कृषी शाखेला शिकते, ती म्हणते, आई, भाज्यांचं एक कुळ धर आणि तेवढंच नीट कर. मला तिचं पटतंय, पण कोणतं कुळ धरू? आणि तुमचं स्वतःचं आवडतं कोणतं, तेही सांगा.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई,

मुलीचं ऐका आणि वेलांचं कुळ धरा. काकडी, दोडका, घोसाळं, कारलं, दुधी, पडवळ, तोंडली, कोहळा, तांबडा भोपळा, पावसाळ्यात शिराळ्या-पाटणच्या बाजूनं बाजारात येणारी कर्टोली, उन्हाळ्यातली कलिंगडं-खरबुजं ही सगळी एकाच घरची. माझं आवडतं कुळही हेच. पण केवळ मला आवडतं म्हणून तुमच्या गळ्यात घालत नाही. तुमची जागा, तुमचं ऊन आणि तुमचा तालुका बघून सांगतेय. सासूबाईंच्या घेवड्या-पावट्यालाही या बागेत मानाची जागा आहे, ती पुढं सांगते. ह्यांची वांगी-टोमॅटो मात्र पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत लावू नका, कारण तुमच्याच पत्रात आहे.

आधी कुळ धरायचं कशासाठी, ते. एका कुळातल्या भाज्यांच्या खोडी सारख्या असतात. फुलाची घडण, पडणारे रोग, येणाऱ्या किडी, आळं करायची रीत, खताची भूक, सगळं मिळतंजुळतं. दोडका एकदा नीट कळला की कारलं निम्मं कळलेलं असतं. तुम्ही आजवर जे लावलंत त्यात टोमॅटो एका कुळातला, दोडका दुसऱ्या, कोथिंबीर तिसऱ्या. प्रत्येकीचा हंगाम निराळा, दुखणं निराळं, औषध निराळं. एवढ्याशा जागेत एकटीनं हे सगळं सांभाळायचं म्हणजे कुणाकडेच पुरतं लक्ष जात नाही. तुमच्या कष्टात काही कमी नव्हतं.

आता त्या गाठी. टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी सूत्रकृमींच्या असणार. डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत मुळात शिरतात, मूळ तिथं फुगतं आणि वरच्या झाडाला पाणी पोचेनासं होतं. म्हणून वाफ्यात ओल असतानाही झाड दुपारी माना टाकतं आणि शेवटी वाळतं. त्याच वाफ्यात पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची लावली तर जंतांची सोयच होते. आणि खरं सांगायचं तर वेलवर्गीय भाज्याही या जंतांना चांगल्याच बळी पडतात. त्यामुळं न्हाणीजवळच्या त्या वाफ्यात यंदा वेलसुद्धा लावायचे नाहीत. सध्या ऊन कडक आहे, तो वाफा खोल खणा, ढेकळं उलटीपालटी करा आणि पाऊस येईपर्यंत तापू द्या. टोमॅटोची जुनी मुळं वेचून जाळून टाका, कंपोस्टमध्ये घालू नका. पाऊस लागला की तिथं दाट झेंडू लावा. झेंडूच्या मुळांमुळं सूत्रकृमी कमी होतात, मात्र त्यासाठी तो तिथं दोन-अडीच महिने तरी दाटीनं वाढायला हवा, कडेला दोन रोपं लावून भागत नाही. दसऱ्याला घरची फुलं होतील, आणि जमीनही पुष्कळ सुधारलेली असेल.

वेल लावायचे ते पूर्वेच्या अंगाला. तिथं सकाळपासून दुपार कलेपर्यंत ऊन मिळतं, आणि या कुळाला दिवसाला सहा तासांचं तरी ऊन लागतंच. पश्चिमेकडची सावलीची बाजू पालेभाज्यांना सोडा.

मांडव कसा घालायचा हे तासगावकरांना मी काय सांगणार! ज्या तालुक्यानं ‘तास-ए-गणेश’सारखी द्राक्षाची जात दिली, तिथं तार ताणता येणारा माणूस गल्लीत सापडतो. कुणी जुनी बाग मोडली असेल तर तिथले अँगल आणि तार भंगारात जाण्याआधी विचारून ठेवा. दहा बाय बाराचा, सहा-साडेसहा फूट उंचीचा मांडव तुम्हाला पुरतो. यापेक्षा उंच केला तर फळं तोडायला आणि फुलांकडं बघायला हात पोचत नाही, आणि या कुळात फुलांकडं रोज बघणं फार महत्त्वाचं आहे. वर फूटभर अंतरानं तारा, त्यावर सुतळीची किंवा नायलॉनची जाळी. दोडका, कारलं, पडवळ लोंबती वाढली तरच सरळ आणि स्वच्छ राहतात, जमिनीवर लोळली की वाकडी होतात आणि सडतात. पडवळाच्या शेंड्याला जुन्या बायका छोटा दगड बांधायच्या, तो आजही बांधावा, पडवळ सरळ उतरतं.

मांडव एकदा घातला की कित्येक वर्षं टिकतो, आणि जमीन थोडी असूनही बाग वर वाढते. एप्रिलात त्याच्या सावलीत बसायची, भांडी घासायची जागा होते ती वेगळीच. लहान परसाला हे कुळ मी सुचवते ते मुख्यतः यासाठी.

काळ्या जमिनीत आळं करताना एक काळजी घ्या. नुसता खड्डा खणून त्यात बी टाकलं तर पहिल्या जोराच्या पावसात त्याचं तळं होतं आणि बी कुजतं. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, निघालेल्या मातीत घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत, ओंजळभर निंबोळी पेंड आणि मिळाली तर थोडी वाळू किंवा मुरमाड माती मिसळा, आणि हे सगळं भरून जमिनीच्या वर वीतभर उंचवटा येईल असं करा. बी त्या उंचवट्यावर. पाणी उंचवट्याच्या भोवतीनं द्यायचं, खोडाशी साचू द्यायचं नाही. दोन आळ्यांत तीन-चार फुटांचं अंतर ठेवा. पाऊस उघडला की आळ्याभोवती उसाचं पाचट पसरा. तुमच्या भागात पाचटाला तोटा नाही, आणि ओल टिकवायला त्याच्याइतकं सोपं काही नाही.

पेरणी मृगाचा पाऊस स्थिरावला की, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत. दुसरा हंगाम जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. थंडीत हे कुळ आखडतं, त्या वेळी हट्टानं लावू नका. काकडी-दोडक्याचं बी रात्रभर भिजवलं तरी पुरे, कारल्याचं बी टणक असतं, ते दिवसभर कोमट पाण्यात ठेवून मग ओल्या फडक्यात बांधावं. प्रत्येक आळ्यात दोन-तीन बिया, पेरभर खोल. उगवल्यावर जोमदार रोप ठेवायचं, बाकीची कापायची. उपटलीत तर शेजारच्या रोपाची मुळं दुखावतात.

जातींचं म्हणाल तर सातारा-सांगली हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा टापू. त्यांच्याच जाती आपल्या हवेत तावून सुलाखून निघालेल्या आहेत. दोडक्यात ‘फुले सुचेता’, कारल्यात ‘हिरकणी’ किंवा ‘फुले ग्रीन गोल्ड’, दुधीत ‘सम्राट’, काकडीत ‘हिमांगी’ नाहीतर ‘फुले शुभांगी’. पहिल्या वर्षी सगळं लावू नका. दुधीचा एक, दोडक्याचे दोन, कारल्याचा एक आणि काकडीचा एक, एवढे वेल या मांडवाला भरपूर झाले. दुधी कोपऱ्यात लावा, तो पसरून बाकीच्यांवर चढतो. भोपळा आणि कोहळ्याचा मोह यंदा आवरा. नाहीतर त्यांना कुंपणावर किंवा पत्र्यावर सोडावं लागेल.

वेल मांडवाला पोचेपर्यंत सुतळीवरनं एकच शेंडा चढवा, खालचे फुटवे काढत जा. मांडवावर हातभर गेला की शेंडा खुडायचा. मग बाजूच्या फांद्या फुटतात, आणि दुधीसारख्या वेलात मादी फुलं त्या फांद्यांवरच जास्त येतात.

इथून तुमच्या दोडक्याकडे येते, कारण फुलं गळतात ही तक्रार दर पावसाळ्यात या सदराकडे येते. लोक घाबरून औषध फवारतात, युरिया टाकतात, आणि वेल अजूनच बिघडतो. एकदा वेलापाशी उभं राहून फुलं नीट बघा. पानाच्या बेचक्यातून एक लांब दांडी निघालेली दिसेल, तिच्यावर कळ्यांचा घोस असतो. ती सगळी नर फुलं. त्यातलं एखाद-दुसरं रोज उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गळतं. गळायचंच असतं ते. त्याच बेचक्यात कधी एक एकटं फूल येतं. त्याच्या पाकळ्यांच्या मागं बोटाच्या पेराएवढा, शिरा उमटलेला इवलासा दोडका आधीपासूनच असतो. ते मादी फूल. फळ फक्त त्यालाच धरतं. वेल वाढू लागला की आधी नर फुलं येतात आणि मादी फुलं नंतर, आठ-दहा दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा. तेव्हा सुरुवातीच्या फुलांचा सडा पडला म्हणून जीव घाबरा करू नका.

पण मादी फूल येऊनही त्यामागचा इवला दोडका पिवळा पडून सुकत असेल, तर मात्र परागीभवन होत नाही असं समजायचं. इथं या कुळाची एक गंमत आहे, आणि ती कळली की निम्मी बाग जिंकली. प्रत्येकाची उमलायची वेळ निराळी. काकडी, कारलं, तांबडा भोपळा यांची फुलं सकाळी लवकर उमलतात, मधमाशा त्यांच्यावर येतात, आणि भोपळ्याचं फूल तर ऊन चढलं की मिटतंच. दोडका, दुधी आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्याकडं रात्रीचे पतंग येतात. घोसाळं दोडक्याच्या इतकं जवळचं, तरी त्याचं फूल मात्र सकाळचं. म्हणजे सकाळी पाणी घालायला गेल्यावर तुम्हाला दोडक्याची जी फुलं दिसत होती ती आदल्या संध्याकाळची, काम संपलेली.

द्राक्षाच्या पट्ट्यात, विशेषतः ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, चहूबाजूंनी फवारण्या चालू असतात. त्यामुळं मधमाशा आणि पतंग परसाकडं कमी फिरकले तर नवल नाही. तेव्हा हे काम हातानं करायचं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला, दिवेलागणीआधी, ताजं उमललेलं नर फूल दांडीसकट तोडा, त्याच्या पाकळ्या अलगद मागं दुमडा किंवा काढून टाका. मधल्या पिवळ्या केसरांवरची भुकटी बोटाला लागते का बघा. लागली की ते केसर मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. तीन-चार दिवसांत मागचा दोडका हिरवागार राहून लांबायला लागला की जमलं. मुलीला हे शिकवायला सांगा, किंवा तुम्हीच तिला शिकवा. दुधीचंही असंच, संध्याकाळी. कारल्या-काकडीचं सकाळी.

अजून एक कारण असतं. फार नत्र आणि फार उष्णता झाली की या वेलांवर नर फुलंच जास्त येतात. वेल काळपट हिरवा, माजलेला, पानंच पानं, आणि मादी फूल शोधून सापडत नाही, अशी अवस्था दिसली तर युरिया बंद. पंधरा दिवसांनी पातळ शेणकाला आणि चिमूटभर राख, एवढ्यावर हे कुळ खूश असतं.

किडींपैकी तीन गोष्टींवर नजर ठेवलीत तरी पुष्कळ. रोप दोन पानांचं असताना नारिंगी-लाल भुंगे येतात आणि पानांची चाळण करतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका आणि पानांवर चुलीची राख भुरभुरा. रोप सहा-सात पानांचं झालं की त्यांचा फारसा उपद्रव राहत नाही. दुसरी फळमाशी. ही खरी वैरीण. कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ तिथं वाकडं होतं, आत अळ्या. फळ धरल्यावर दोन दिवसांतच त्याला कागदी किंवा जुन्या पातळ कापडाची पिशवी घाला. परसात चार-पाच वेल असताना हे सहज जमतं, शेतकऱ्याला एकराला जमत नाही, तिथं तुमचा फायदा आहे. नर फळमाश्यांना वासानं ओढून घेणारा क्यू ल्यूरचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, एक टांगून ठेवा. आणि किडलेलं, गळलेलं फळ वेलाखाली पडू देऊ नका. त्यातली अळी मातीत उतरून कोष करते. असली फळं दीड-दोन फूट खोल पुरा.

तिसरी भुरी. पानांवर पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग. तुमच्या घरी द्राक्षाच्या भुरीसाठी गंधक असेल, आणि हात आपसूक तिकडंच जाईल. थांबा. वेलवर्गीय भाज्यांची पानं गंधकानं करपतात, ऊन असेल तर हमखास. खालची रोगट पानं काढा, वेल विरळ करा, पाणी बुडाशी द्या, पानांवर शिंपडू नका. परसात बहुतेक वेळा एवढ्यानं भागतं.

खाण्याआधीची एक सूचना अगदी कळकळीनं देते. दुधी, काकडी किंवा दोडका चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून बघा. कारलं सोडून या कुळातली कुठलीही भाजी कडू लागली तर ती टाकून द्यायची. शिजवून, मीठ लावून, साखर घालून तिचा विषारीपणा जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं त्याबद्दल इशाराही दिला आहे. ज्या वेलाची फळं कडू निघाली त्याचं बी ठेवायचं नाही.

तोडणी कोवळी करा आणि एक दिवसाआड करा. काकडी दीड महिन्यात सुरू होते, दोडका-दुधी-कारलं दोन महिन्यांच्या आसपास. वेलावर एक फळ जून झालं की वेल नवी फळं धरायला कुचराई करतो. कोवळ्या दोडक्याच्या शिरा सोलून फेकू नका, तव्यावर तेलात कुरकुरीत परतून तीळ, सुकं खोबरं, लसूण, मिरचीबरोबर त्यांची चटणी करा. भाकरीबरोबर ती मूळ भाजीच्या वर जाते, असं माझं ठाम मत आहे.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं शास्त्रानं खरं आहे, आणि तुमच्या बागेला त्याची गरजही आहे. कुठलंही कुळ एकाच मातीत वर्षानुवर्षं लावलं की त्याचे रोग तिथं मुक्काम करतात. म्हणून वेल निघाले की ऑक्टोबरात त्याच आळ्यांच्या जागी शेंगांचं कुळ आणायचं. घेवडा, मटार आणि मेथी. हो, मेथी पालेभाजी असली तरी कुळानं शेंगांचीच आहे. याउलट शेवगा आणि भेंडी शेंगेसारखी दिसली तरी या कुळातली नव्हेत. शेंगांच्या कुळातल्या झाडांच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी असतात, ते हवेतलं नत्र झाडाला देतात. तुम्हाला मुळांच्या गाठी म्हटलं की धास्ती वाटेल, म्हणून फरक सांगते. घेवड्याचं झाड हलकेच उपटून बघा. त्याच्या गाठी मुळाला बाहेरून चिकटलेल्या असतात, बोटानं चोळल्या की सुटतात, आणि एखादी फोडली तर आत गुलाबी-लालसर दिसते. ती गाठ कामाची. टोमॅटोच्या मुळावर तुम्हाला दिसल्या त्या गाठी म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ती वेगळी निघत नाही. हंगाम संपल्यावर शेंगांची झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा आणि मुळं आतच कुजू द्या. पुढच्या जानेवारीत वेलांची आळी मांडवाच्या दुसऱ्या अंगाला करा.

पावटा मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही. गावठी पावटा आणि वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलावर येतात. फेब्रुवारीत लावले तर नुसता पाला वाढतो आणि आपण बियाण्याला दोष देतो. ते जुलैतच पूर्वेच्या कुंपणावर सोडा. थंडी पडली की शेंगांनी लगडतील आणि भोगीच्या भाजीला घरचा पावटा, घरचा घेवडा मिळेल. शेंड्यांवर काळा मावा चढला तर शेंडा खुडून टाका, नाहीतर पाण्याच्या जोरानं धुवा. घेवड्याचं म्हणाल, तर शेजारच्या साताऱ्यात कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो दाण्याचा घेवडा आहे आणि तिकडच्या थंड हवेतच खुलतो. परसासाठी हिरव्या शेंगेची बुटकी जात बघा. ही कामं सासूबाईंकडं सोपवा. पावट्याचं बी कधी घालायचं हे त्यांना पंचांग न बघता कळत असणार.

ह्यांना सांगा, कृष्णाकाठची वांगी आपल्या बाजारात ताजी मिळतात, त्यांची बरोबरी परसात करायची तर शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीमागं रोज धावावं लागेल. त्या कष्टाचं चीज होत नाही. मिरचीची दोन रोपं आणि टोमॅटोचं एखादं मोठ्या कुंडीत, बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीत लावा. त्यांचा मान राहील.

कोथिंबीर उन्हाच्या तापानं फुलावर जाते. ती सावलीच्या वाफ्यात, पाऊस ओसरल्यापासून जानेवारीपर्यंत, थोडी थोडी पंधरा दिवसांच्या अंतरानं टाका. धणे आधी रगडून दोन फाका करून घ्या. तिच्या शेजारी शेपू, चाकवत, पालक चांगले येतात.

आणि या कुळाची गोडी लागली तर पुढच्या वर्षी तोंडली लावा. तिला बी नको. चांगली फळं देणाऱ्या वेलाची पेन्सिलीएवढी जाड, चार-पाच डोळ्यांची फांदी पावसाळ्याच्या तोंडाला खोचली की फुटते आणि पुढं काही वर्षं देत राहते. कर्टोलीचा नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा असतो, त्यामुळं एकच कंद आणून लावला तर फळाची आशा धरता येत नाही. आणायचे तर चार-पाच कंद आणा. थंडीत वेल वाळून गेला तरी कंद खणू नका, तो पुढच्या पावसाला आपोआप फुटतो. पण हे पुढच्या वर्षीचं. या आठवड्यात तेवढी पूर्वेकडची आळी खणून शेणखत मिसळून ठेवा, म्हणजे मृगापर्यंत माती बसेल, आणि न्हाणीजवळचा वाफा खणायला ह्यांना लावा.